तिले पटनं नही

इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल आणि त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा रस्ता धरला असेल, तर त्या परीक्षेत वाचन, संभाषण आणि श्रवण या तिन्हींत ९ पैकी किमान ७ आणि लेखनात किमान ६.५ गुण मिळवावे लागतात. श्रवणाचे ४० प्रश्न असतात आणि त्यांतले साधारण ३० बरोबर आले की ७ हाती पडतात. पहिल्या खेपेला माझे लेखन तरले, वाचन तरले, संभाषणसुद्धा तरले आणि श्रवणात मी ६.५ वर अडकले. परिचारिकेला ऐकू येत नाही, असा हा निकाल होता.

श्रवणाची मला धास्ती वाटण्याचे काही कारणच नव्हते. जळगावात गेली चौदा वर्षे मी वॉर्डात काम करते आणि वॉर्डातल्या सिस्टरची नोकरी ही मुळात ऐकण्याचीच नोकरी असते. एका खाटेभोवती रुग्णाची आई लेवा बोलीत, भाऊ अहिराणीत, मेहुणा बऱ्हाणपूरकडच्या हिंदीत आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा, त्यांना कोणीही काही विचारलेले नसताना, पुस्तकी मराठीत असे चौघे एकाच वेळी बोलत असतात. त्या गदारोळातून रुग्णाने काल रात्री गोळी घेतलीच नव्हती, उलट शेवभाजी खाल्ली होती आणि ती मेहुण्याने डब्यात लपवून आणली होती, एवढे सगळे मी सलाइनचे थेंब मोजता मोजता काढून घेते. चार माणसे बोलत असताना ऐकायचे कसे, हे मला कोणी परदेशातून येऊन शिकवावे, असे काही राहिलेले नाही, अशी माझी समजूत होती.

या परीक्षेचे चार भाग असतात. पहिल्यात दोन माणसे रोजच्या व्यवहाराचे बोलतात, दुसऱ्यात एकच माणूस कशाची तरी माहिती देतो आणि चौथ्यात व्याख्यान असते. या तिन्हींबद्दल माझी तक्रार नाही. माझे वैर आहे ते तिसऱ्या भागाशी. त्यात शिक्षणातल्या एखाद्या कामावर दोन ते चार जण चर्चा करतात. बहुतेक वेळा दोन विद्यार्थी आणि त्यांचे एक प्राध्यापक असतात. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. नावे सुरुवातीला एकमेकांना हाक मारण्याच्या ओघात उच्चारली जातात आणि पुढे कोणता आवाज कोणाचा, हे आपले आपण ध्यानात ठेवायचे असते. दोन मुली असल्या, तर दोघींचे आवाज एकाच मडक्यातले असतात. प्रश्नाखाली तीन पर्याय असतात आणि दुष्टपणा असा की, चर्चेत उल्लेख तिन्ही पर्यायांचा होतो. एक कोणीतरी सुचवतो, दुसरा कोणीतरी गेल्या वर्षी करून बसलेला असतो आणि तिसरा खरा असतो; पण तो पर्यायात छापलेल्या शब्दांत कोणीही बोलत नाही.

तरीही हे सगळे मी निभावून नेले असते. मला आडवे आले ते त्या मंडळींचे सौजन्य. आमच्याकडे एखाद्याला दुसऱ्याचे म्हणणे पटले नाही, तर तो मुळात ते म्हणणे पुरे होऊ देत नाही. ‘तू गप बठ, मी सांगस’ हे वाक्य कानावर पडले की, मतभेद झाला, कोणामध्ये झाला आणि आता कोणाचे चालणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका दमात मिळतात. ध्वनिफितीतली माणसे मात्र एकमेकांचे बोलणे तोडत नाहीत, आवाज चढवत नाहीत आणि ‘नाही’ हा शब्द तर त्यांना घरातून बाहेर पडताना विसरायला सांगितलेला असावा. मुलगा एक कल्पना मांडतो. मुलगी म्हणते, ‘दॅट्स अ गुड पॉइंट.’ मी आनंदाने त्या पर्यायावर खूण करते. मुलगी श्वास घेते आणि म्हणते, ‘दो आय सपोज...’ आणि पुढच्या दोन वाक्यांत ती कल्पना इतक्या हळुवार हाताने पुरते की, खुद्द मुलगासुद्धा तिचे आभार मानतो. (खरे पाहता आमचा ‘हं’सुद्धा काही कमी नाही, त्याचे दहा-बारा प्रकार मी वॉर्डात रोज ऐकते. पण त्यावर कोणी पर्याय देऊन गुण ठरवत नाही.)

दुसऱ्या खेपेसाठी मी घरीच सराव सुरू केला. सासूबाई अमळनेरकडच्या, इंग्रजीचा त्यांना गंध नाही. एका संध्याकाळी त्या भरितासाठी वांगी भाजत असताना मी ओट्याजवळ मोबाइल ठेवून एक सराव परीक्षा लावली. घरांच्या गच्चीवर बागा करण्याबद्दल दोन विद्यार्थी बोलत होते. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकले आणि चिंतेने विचारले, “कोन मरनं?” कोणी मेलेले नाही, हे लोक असेच बोलतात, असे मी सांगितले. त्यांनी वांगे उलटवले, पुन्हा कान दिला आणि शांतपणे म्हणाल्या, “तिले पटनं नही.”

मी खूण केली होती ‘दोघांचे एकमत’ या पर्यायावर. उत्तरे उघडून पाहिली, तर सासूबाईंचे बरोबर होते.

मी हट्टाने आणखी चार चर्चा लावल्या. चारांपैकी तीन वेळा कोणाला पटले आणि कोणी नुसतेच तोंडदेखले ‘हो’ म्हटले, हे त्यांनी अचूक सांगितले. आमच्या भावकीत साखरपुड्याची बैठक त्यांच्याशिवाय होत नाही. देण्याघेण्याचे ठरत असताना वरपक्षाचे ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य कोणत्या सुरात आले, यावरून लग्न जमेल की मोडेल, हे त्या चहा येण्याआधी ओळखतात. मी चौदा वर्षे चढलेले आवाज ऐकत आले. उतरलेला आवाज ऐकण्याची विद्या माझ्याच स्वयंपाकघरात होती.

या विद्येला एकच मर्यादा होती आणि ती मला मुंबईच्या परीक्षा केंद्रात, कानांवर हेडफोन चढवल्यावर कळली. तिसऱ्या भागात मुलगा म्हणाला, ‘फेअर इनफ.’ मी डोळे मिटून सूर तपासला. त्याला पटलेले नव्हते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. समाधानाने डोळे उघडले, तर पडद्यावरचा प्रश्न होता तो का पटले नाही, याचा: खर्चामुळे, वेळेमुळे की आधीच्या संशोधनामुळे. ते कारण त्याने मी डोळे मिटलेले असताना सांगून टाकले होते. प्रश्न बोलण्याच्या क्रमानेच येतात, त्यामुळे एक निसटला की, त्याच्यामागे धावताना पुढचाही निसटतो. मी भानावर आले, तेव्हा ते तिघे पुढच्या आठवड्यात कधी भेटायचे, हे अत्यंत प्रेमाने ठरवत होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून तीन जागी मी देवाचे नाव घेऊन खुणा केल्या.

परतीच्या गाडीत, कल्याण सुटल्यावर, घरी फोन लावला. सासूबाईंनीच उचलला.

“कसा गया पेपर?”

“बरा गेला, आई.”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग रिसीव्हर तोंडापासून दूर धरून त्या माझ्या नवऱ्याला सांगत असल्याचे मला अगदी स्वच्छ ऐकू आले, “परत पैसा भरना पडतीन.”