हाडच मोठं आहे हो!

"ए छोटू, ऊपर से तीस नंबर फेंक! बच्चा चौथी का है, पर आठवीं वाली पैंट देना. लंबाई काट देंगे!"

शाळेच्या गणवेशाचं दुकान, राजवाड्याजवळचा बाजार, शनिवारची संध्याकाळ. अर्धं इंदूर तिथे मापं देत उभं होतं आणि त्या अर्ध्या इंदुराने मान वळवून आमच्या चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी पोट आत घेतलं. पोट आत घेतल्याने पँटीचा नंबर बदलत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलाला माहीत नसतं. दुकानदाराला मात्र हळू आवाजात बोलता येतं हे माहीत असायला हवं होतं. "नाडा हळूच बांधून बघा मॅडम," असं तो शेजारच्या बाईंना कुजबुजत सांगत होताच की.

पण दुकानदार परवडला. गल्ल्याशेजारी स्टुलावर एक नाना बसले होते. गिऱ्हाईक नसावेत, कारण घेत काहीच नव्हते. देत मात्र होते, अखंड. पांढरा सफारी, कपाळाला गंध, मांडीवर कागदाची पुडी; पुडीला तेलाने आरपार खिडकी पडलेली. आमचं मराठी कानावर पडताच त्यांनी चष्मा वर केला.

"मराठी का? कुठल्या तुम्ही, रामबागेतल्या?"

"सुदामा नगर."

"ते आत्ताचं हो. मूळच्या?"

पोराच्या पँटीचा आणि आमच्या मूळ गावाचा संबंध काय, हे विचारायची सोय नसते. इंदूरच्या मराठी माणसाला समोरच्याचे पणजोबा होळकरांच्या राज्यात कधी आले ते कळल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. मी सांगितलं. त्यांचंही ऐकलं. मग त्यांनी मुलाला जवळ ओढलं आणि त्याच्या मनगटाला अंगठा आणि मधल्या बोटाचं कडं घातलं. बोटं एकमेकांना लागेनात. नानांचा चेहरा उजळला.

"हाड मोठं आहे! पोराचा काही दोष नाही. हाडच मोठं आहे हो!"

"नाना, हाड पँटीच्या वरून बाहेर येत नाही," मी म्हणाले.

सल्ला देणाऱ्याला ऐकू येत नसतं. "वजन सगळं हाडाचं. आमचे थोरले काका असेच होते. काय रे, जोर मारतोस का? बैठका?"

"गेममध्ये मारतो," चिरंजीव प्रामाणिकपणे म्हणाले.

मग आखाडा आला. लाल माती, पहाटे चारचं उठणं, बदाम, शेरभर दूध, सगळं आलं. हे सांगताना नानांचं स्वतःचं पोट मांडीवरच्या पुडीवर असं विसावलं होतं, की पुडी उडून जायची भीती नव्हती. "आजकालची पोरं फोपशी," त्यांनी निकाल दिला. म्हणजे तीन मिनिटांपूर्वीचं हाड आता वितळून चरबी झालं होतं. "दिवसभर मोबाइल, बाहेरचं खाणं. घरात कुणी बघायला नको का?" आणि मग अगदी मायेनं, "तुम्ही नोकरी करता वाटतं?"

माझ्या शेजारी मुलाचे वडील उभे होते. ते नोकरी करतात का, हे नानांनी विचारलं नाही. ते गेली दहा मिनिटं टायचे रंग बघत होते. रात्री साडेदहाला सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, चाखायला पोराला कोण नेतं, हेही कुणी विचारलं नाही. मी बँकेत जाते म्हणून मुलगा जाड, आणि हे त्याला सराफ्यात नेतात म्हणून बाप हौशी! हे लिहितानाही माझे कान तापले आहेत.

तेवढ्यात नानांनी पुडी उघडली. कचोरी. "घे रे बाळा. तोंड बघ कसं उतरलंय."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नको नाना, आम्ही सध्या जरा..."

"अहो, एका कचोरीनं काय होतंय? वाढतं वय आहे!"

एका कचोरीनं काहीच होत नाही. पण ती एक कचोरी नानांची असते, एक आत्याची, एक शेजारच्या भाभींची, एक क्लासच्या सरांची. प्रत्येक जण एकेकच देतो. आणि मग हीच सगळी मंडळी लग्नात गाल ओढून म्हणतात, "अगोबाई, किती सुटलाय हा!" खाऊ घालणारे आणि नावं ठेवणारे हात वेगवेगळे असते, तर एखाद्याशी तरी भांडता आलं असतं. कचोरी शेवटी वडिलांनी खाल्ली. नानांचा मान राखायला, म्हणे.

खरं तर आमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एका आकड्यात मोजतात, मुलांचा तसा चालत नाही; वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर ठिपका टाकायचा. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015चे तक्ते आहेत. ठिपका वरच्या रेषेच्या पुढे गेला होता. पण त्या म्हणाल्या, उपास नको, डाएट नको, वजनाची घाईही नको. उंची वाढेल तसं वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ. आणि ताकीद दिली, "याच्या एकट्याचं ताट बदलू नका. बदलायचं तर घराचं बदला. ज्याच्या ताटावर सगळे बोलतात ते मूल लपून खायला लागतं."

घराचं बदलायचं म्हणजे शेवेचा डबा. इंदुरातल्या घरात शेव नाही, हे सुतकासारखं दिसतं. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, नुसती कंटाळा आला म्हणून शेव. डबा ओट्यावरून माळ्यावर गेला, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलल्या. रेशनच्या लाल गव्हावर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना नातवाच्या बरगड्या दिसत नाहीत यातच सगळं भरून पावतं. त्यांना मी सांगितलं, की युनिसेफ म्हणतं, 2025पर्यंत जगात शाळकरी वयाच्या कमी वजनाच्या मुलांपेक्षा लठ्ठ मुलं जास्त झाली. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, आमच्याकडे येऊन बघा, हा रात्री दोनच पोळ्या खातो." दोन पोळ्या खातो हे खरं आहे. आधी काय काय खातो, ते युनिसेफलाही कळायचं नाही.

तरी काही गोष्टी जमल्या. जेवताना टीव्ही बंद. "गृहपाठ केलास तर जलेबी" हे बंद. बक्षीस म्हणून आता पतंग किंवा माझ्याशी कॅरम. कोल्ड्रिंक घरात येत नाही. तीनशे मिलीच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते, ती मी एकदा वाटीत काढून दाखवली. चिरंजीव बघत राहिले, सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात शिरा होईल." वडिलांचा सराफा फक्त शनिवारी, आणि तोही मुलाला न घेता, कारण या वयाच्या पोराला रात्री किमान नऊ तास झोप हवी आणि सराफ्यातले तवे तर सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तापतात. ही अट वडिलांनी फारच लवकर मान्य केली, तेव्हा मला संशय यायला हवा होता.

शाळेचं मात्र काय करायचं? सीबीएसईने 2025 साली शाळांना कशात किती साखर असते ते सांगणारे फलक लावायला सांगितलं, तसा आमच्याही शाळेत लागला. छान रंगीत आहे. त्याच्याच खाली उभं राहून वाढदिवसाची चॉकलेटं वाटतात. पीटीचा तास गणिताच्या मॅडम घेतात. पालकसभेत मी तक्रार केली तर उत्तर आलं, "पीटी के नंबर रिपोर्ट कार्ड में जुड़ते हैं क्या, मैम?" जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल असं खेळावं. कुठे? गल्लीत गाड्या. मैदानावर नऊ महिने लग्नाचे मांडव. 2017पासून स्वच्छतेचा पहिला नंबर घेत आलेलं हे शहर ओला कचरा, सुका कचरा बिनचूक वेगळा करतं, पण पोरांना पळायला जागा तेवढी वेगळी काढता आली नाही.

म्हणून मग सगळं घर कॉलनीच्या बगीच्यात जायला लागलं. सासूबाई बाकावर, आम्ही दोघं चालत, चिरंजीव फुटबॉल घेऊन. पहिल्याच संध्याकाळी चौकीदार शिट्टी वाजवत आला आणि त्याने फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'गेंद खेलना मना है.' बरं, बॉल ठेवला, नुसतं पळू दे. तर त्याच पाटीवर खालच्या ओळीत 'दौड़ना मना है'. बुजुर्ग मंडळींना धक्का लागतो म्हणे. बुजुर्ग मंडळी एका कोपऱ्यात हात वर करून जोरजोरात हसण्याचा व्यायाम करत होती, आणि फाटकाबाहेर त्यांच्यासाठी पोह्यांची गाडी वाफाळत उभी होती.

"फिर बच्चे करें क्या, भैया?" मी विचारलं.

चौकीदाराने आधी मला, मग चिरंजीवांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाभीजी, ट्रेडमिल ले लो. किश्तों में मिल जाती है. वैसे बच्चा मोटा नहीं है, इसकी हड्डी चौड़ी है."