सातपूरचे 40 कामगार आणि 90 टक्क्यांचं यंत्र

आपलं म्हणणं थोडक्यात असं: सातपूरच्या कारखान्यातून तांब्याच्या तारेची भेंडोळी गेली, संशय 40 कामगारांवर आहे, लाय डिटेक्टर 90 टक्के अचूक आहे आणि कोर्टाची त्यावर बंदी नाही, मग सगळ्यांना एकदा बसवायला हरकत काय?

90 टक्के वादापुरते धरू. चोर एकच असेल तर उरलेल्या 39 प्रामाणिक माणसांपैकी चौघे नापास होतील. चोरही बहुधा होईल. म्हणजे हाती पाच नावं, त्यात चार निरपराध, आणि यंत्र कोण कुठला ते सांगत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2003 मध्ये हाच हिशोब मांडला होता: 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर असतील, तर त्यातले 8 पकडताना सुमारे 1,600 निर्दोष अडकतात.

मुळात यंत्र खोटेपणा मोजतच नाही, शरीरातले बदल टिपतं. 1921 साली अमेरिकेतल्या बर्कले शहराच्या पोलिसखात्यात जॉन लार्सन यांनी रक्तदाब आणि श्वास एकत्र नोंदवायला सुरुवात केली, पुढे लेनार्ड कीलर यांनी बोटांवरच्या घामाची नोंद जोडली. आज कागदाच्या जागी लॅपटॉप आहे. छाती-पोटावरचे पट्टे, दंडावरचा कफ, बोटांचे इलेक्ट्रोड तेच. सगळी मदार प्रश्नांवर. ‘तार तुम्ही नेली का?’ याच्या शेजारी ‘आजवर कधी कुणाची वस्तू न विचारता घेतली का?’ असा प्रश्न ठेवतात. प्रामाणिक माणूस दुसऱ्या प्रश्नाला जास्त बिचकेल, हे गृहीतक. पण ज्याची नोकरी पणाला लागली आहे तो पहिल्यालाच घामाघूम होतो. उलट सराईत माणूस दुसऱ्या प्रश्नाला जीभ चावतो किंवा मनात उलटे आकडे मोजतो, की आलेख हवा तसा.

त्यातल्या त्यात बरी पद्धत म्हणजे फक्त चोरालाच ठाऊक असलेला तपशील इतर चार-पाच पर्यायांत मिसळून विचारणं. भेंडोळी कुठल्या रॅकवरून गेली, वगैरे. मात्र तो तपशील दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोहोचलेला असतो, आणि मग ही पद्धतही बाद.

बंदी नाही, हे खरं. सेल्वी खटल्यात 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरवली, स्वेच्छेची चालते. मात्र स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निकालही पुरावा ठरत नाही, तिच्यातून पुढे मुद्देमाल सापडला तर तो ग्राह्य धरता येतो. आरोपीची संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवावी लागते, वकील मिळावा लागतो. ‘बसला नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून घेतलेल्या सहीला संमती कोण म्हणेल?

यंत्र पाहूनच काही जण कबुली देतात, हा आपला शेवटचा मुद्दा मान्य. चोराची काठी बोटभर वाढेल असं सांगणाऱ्या बिरबलानेही तेच साधलं होतं, तेही विजेशिवाय. त्यापेक्षा रात्रपाळीचं गेट रजिस्टर, भंगाराच्या गाडीची वजनपावती आणि स्टोअरची नोंद एकमेकांशी ताडून बघा; फरक कुठल्या तारखेला पडतो ते कळलं की 40 नावं आपोआप कमी होतील.