एका गोंदाचे बारसे

माझ्या मेहुण्यांनी गोंद तयार करण्याचा उद्योग काढला, तेव्हा त्यात मला ओढण्याचे काहीही कारण नव्हते. परंतु जर्मनचा सहा महिन्यांचा वर्ग मी कधीकाळी अर्ध्यावर सोडला होता, आणि तेवढ्या भांडवलावर घरात मला ‘भाषांतले कळणारा’ अशी ख्याती मिळालेली आहे. दाजींना आपला माल आज ना उद्या परदेशी धाडायचा होता. त्यामुळे जगातल्या कोणत्याही भाषेत वावगा अर्थ निघणार नाही असे नाव शोधण्याची कामगिरी त्यांनी माझ्या गळ्यात घातली. “तुला काय, नुसतं बसून तर सांगायचंय,” अशी बहिणीने पुस्ती जोडली.

पहिल्याच बैठकीत माझे चुकले. हे काम किती जोखमीचे आहे ते पटावे, म्हणून मी दाजींना पाजेरोची हकिकत सांगितली. मित्सुबिशीने आपल्या दणकट गाडीला दक्षिण अमेरिकेतल्या पम्पास मांजराच्या शास्त्रीय नावावरून पाजेरो असे नाव ठेवले. मात्र स्पॅनिशमध्ये त्या शब्दाला एक अगदी बाजारी अर्थ असल्यामुळे स्पॅनिश भाषकांच्या देशांत त्या मांजराला माँतेरो, म्हणजे शिकारी, व्हावे लागले. “बाजारी म्हणजे नेमका काय?” बहिणीने आतून विचारले. मी पाणी मागितले.

त्यानंतर दाजींना नाव शोधण्यापेक्षा अशा हकिकतींचीच गोडी लागली. ह्युंदाईच्या कोना या गाडीचे नाव हवाई बेटांवरच्या एका भागावरून घेतलेले आहे. आपल्याला कोना म्हटल्यावर भिंतीचा कोपरा आठवतो; पोर्तुगालमधल्या माणसाला जे आठवते ते कोपऱ्यातसुद्धा बोलण्याजोगे नसल्याने तिथे ती गाडी त्याच द्वीपसमूहातल्या काउआई बेटाच्या नावाने विकतात. जर्मनीत विक्सच्या डबीवर ‘विक’ एवढेच छापलेले असते, कारण मूळ नावाचे पहिले अक्षर जर्मन माणूस ‘फ’ असे उच्चारतो आणि मग त्या डबीचा सर्दीशी काही संबंध उरत नाही. ऑडीच्या ई-ट्रॉनमध्ये फ्रेंच कानांना विष्ठा ऐकू येते. माझे निरीक्षण असे आहे की नावाचा भलता अर्थ निघायचाच असला, तर तो फुलाचा किंवा पाखराचा सहसा निघत नाही. तो कमरेच्या खालीच उतरतो. तिसऱ्यांदा पाणी मागितल्यावर बहिणीने तांब्याच माझ्यापुढे आणून ठेवला.

मग दाजींनी सुचवलेली नावे मी एकेक करून बाद करू लागलो. ‘मिस्ट’ हे धुक्यासारखे तरल नाव त्यांना फार आवडले होते, परंतु जर्मनमध्ये त्याचा अर्थ शेणखत असा होतो. ‘गिफ्ट’ म्हणजे जर्मनमध्ये विष. स्वीडिशमध्ये त्याच शब्दाचे विष आणि विवाहित असे दोन्ही अर्थ आहेत, हे सांगताच दाजी खुलले. “मग चिकटण्याशी संबंध आहेच की!” ते म्हणाले. आतून भांडे आपटल्याचा आवाज आला आणि ते नावही मागे पडले.

एव्हाना दाजीही जाणकार झाले होते. शेव्हरोलेची नोव्हा गाडी स्पॅनिश मुलखांत खपली नाही, कारण ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’, ही प्रसिद्ध गोष्ट त्यांनीच एके दिवशी मला ऐकवली. ती गोष्ट खरी नाही. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी व्यवस्थित खपली, आणि मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर नोव्हा याच नावाने पेट्रोल विकले. नाकाबंदी म्हटल्यावर जसा आपण कोणी नाक दाबून धरत नाही, तसेच स्पॅनिश माणूसही नोव्हा शब्दाची फोड करत बसत नाही, असे मी मोठ्या अधिकाराने सांगितले. ते अधिकारवाणीचे वाक्य मला पुढे महागात पडले.

“मग आपलं आडनावच देऊन टाकू,” दाजी वैतागून म्हणाले. त्यावर मला एमिल श्कोडा आठवले. त्यांनी १८६९ मध्ये पिल्झेनचा कारखाना विकत घेऊन त्याला आपले आडनाव दिले, आणि चेक भाषेत श्कोडा म्हणजे नुकसान. ते नाव कारखान्याला बाधले नाही ही गोष्ट वेगळी. परंतु दाजींनी पहिल्याच वर्षी नुकसानीचा विषय नको म्हणून बोलणे तिथेच थांबवले.

शेवटी नाव मीच काढले. लॅटिनमध्ये शिवणीला ‘सुतूरा’ म्हणतात. तिचे ‘सुएरे’ हे क्रियापद आणि आपले ‘शिवणे’ हे एकाच कुळातले. जोडणे, सांधणे, एकजीव करणे, हे सारे ज्यात आले ते मूळ घेऊन मी त्याला एक आटोपशीर शेपूट लावले आणि पाच रोमन अक्षरांचा सुबक शब्द तयार केला. आठवडाभर मी तो स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन कोशांतून फिरवला. कुठेही काही वावगे सापडले नाही. तो शब्द मी प्रत्येक वेळी किंचित इटालियन हेल काढून उच्चारत असे, आणि दाजीही तसाच उच्चारू लागले.

छापखान्यातून लेबलाचा नमुना आला, तेव्हा आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. रोमन बाजू देखणी उतरली होती. दाजींनी ते लेबल कौतुकाने भाचीच्या हातात दिले. ती नुकतीच वाचायला शिकली असल्यामुळे तिने ते उलटून देवनागरी बाजू वर केली आणि अक्षरांखाली बोट धरून, हेल वगैरे न काढता, मोठ्याने वाचले:

“सु-टे-ल. सुटेल गोंद.” मग तिने विचारले, “बाबा, कधी सुटेल?”

या वेळी बहिणीने न मागताच पाणी आणले. ते तिने दाजींना दिले.