पांढऱ्या एलईडीखालीही रोपं उत्तम होतात

बागकाम करणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो: "घरच्या हरितगृहात बियांपासून रोपं करायची तर जांभळाच ग्रो लाइट (लाल आणि निळ्या एलईडींचा, रोपांसाठीचा दिवा) घ्या. पांढऱ्या एलईडीचा उपयोग नाही, कारण हिरवा प्रकाश पानं परतवून लावतात. वॅट जितके जास्त तितकं रोप जोमदार, आणि दिवा चोवीस तास ठेवला तर वाढ दुप्पट." यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे. त्यावर विसंबून लोक नको तो दिवा घेतात आणि रोपंही गमावतात, याचं मला वाईट वाटतं.

हिरव्या प्रकाशाचा गैरसमज एका आलेखातून आला आहे. पानातून हरितद्रव्य काढून त्याच्या द्रावणात प्रकाश किती शोषला जातो, ते त्यात दाखवलेलं असतं: निळ्यात आणि लालमध्ये शिखरं, मध्ये खोल दरी. आलेख खराच आहे, पण तो द्रावणाचा. अख्ख्या पानात प्रकाश पेशींच्या थरांमधून इकडे तिकडे वळत जातो, वाटेत हरितद्रव्याशी त्याची गाठ पुन्हा पुन्हा पडते आणि बराचसा हिरवा प्रकाशही शोषला जातो. आपल्या डोळ्यांना दिसतो तो उरलेला थोडा. मॅक्री या संशोधकांनी 1972 साली अनेक पिकांच्या पानांवर एकेक रंगाचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं, तेव्हा हिरवा प्रकाश लालपेक्षा कमी पडला, पण निळ्याच्या आसपास भरला.

शिवाय पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच एलईडी, वर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा, थर दिलेला. त्यातून निळा, हिरवा, लाल सगळंच मिळतं. लाल एलईडी विजेचा उपयोग जास्त चांगला करतात हे मान्य. मोठ्या बंदिस्त शेतीत तो हिशोब महत्त्वाचा, चार ट्रेंसाठी नाही.

जांभळ्या दिव्याचा खरा तोटा कुणी सांगत नाही. त्या उजेडात हिरवी पानं काळपट दिसतात. खालचं पान पिवळं पडू लागलंय, पानामागे मावा बसलाय, मातीलगतचा देठ बारीक होऊन तपकिरी झालाय, यातलं काही धड दिसत नाही. मर रोगात देठाची ती खूण वेळेवर दिसली तर पाणी आवरून, हवा खेळती ठेवून बाकीचा ट्रे वाचू शकतो. रोज रोपं निरखणाऱ्याला पांढराच उजेड हवा.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, एवढंच. खोक्यावर 1000 लिहिलेला दिवा प्रत्यक्षात 100च्या आसपास ओढतो, असं सर्रास आढळतं. बघायचं ते पानावर किती प्रकाश पडतो. कोवळ्या रोपांना दर चौरस मीटरला सेकंदाला 100 ते 200 मायक्रोमोल (पानावर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येचं माप) पुरतात. पांढऱ्या एलईडीसाठी हे साधारण 7,000 ते 14,000 लक्स (डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचं माप). फोनमधलं लक्स मोजणारं ॲप पानांच्या उंचीवर धरलं की ढोबळ अंदाज येतो. देठ लांबुडके, फिकट होऊन एका बाजूला कलले असतील तर मोठा दिवा आणण्याआधी आहे तोच खाली घ्या. ट्यूब असेल तर पानांपासून वीतभर अंतर पुष्कळ झालं. आणि हरितगृहात ऊन येतंच: भर उन्हात बाहेर 2,000 मायक्रोमोलपर्यंत प्रकाश असतो, काच किंवा प्लास्टिक त्यातला काही भाग अडवतं, तरी उरतो तो भरपूर. स्वच्छ दुपारी दिवा बंद ठेवला तरी चालतो, ढगाळ दिवशी आणि सकाळ-संध्याकाळ तो कामी येतो.

चोवीस तासांचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. टोमॅटो आणि वांग्याची रोपं अखंड उजेडात ठेवली तर पानं पिवळी पडतात. ऊन आणि दिवा मिळून 14 ते 16 तास पुरे, टायमर लावून टाका. बी रुजेपर्यंत तर बहुतेक भाज्यांना उजेड लागतच नाही, ऊब आणि ओल लागते. लेट्यूससारखी काही बियाणी याला अपवाद, ती मातीत खोल पुरू नयेत. मात्र पहिला कोंब वर दिसला की दिवा त्याच दिवशी सुरू करा.