‘बॅग्ड’ म्हणजे आमच्या दुकानातली पिशवी नव्हे

नमस्कार ताई,

आमच्या दुकानाला रिव्ह्यूत एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आम्ही पार्सलचा माग काढायचा ‘खोटा नंबर’ दिला, पार्सल चार दिवस सांगलीतच दाबून ठेवलं आणि बेदाणेही चिकटलेले निघाले.

नंबरची चूक आमचीच. स्पीड पोस्टचा नंबर १३ जागांचा: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताचं ‘आयएन’. मधल्या नऊ जागांत अक्षर येतच नाही. आमच्या पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर घाईत शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला. दिसायला तेच, पण पोस्टाच्या साइटवर काही सापडेना. तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा पठ्ठ्यानं तोच मेसेज पुन्हा ढकलला, याची लाज जास्त वाटते. आता टाइप करणं बंद, थेट पोस्टाच्या पावतीचा फोटो पाठवतो.

पार्सल दाबून ठेवलं, हे मात्र मान्य नाही. सोमवारी संध्याकाळी ५:४० ला ते बुक झालं. पावतीवर वजन १,६४० ग्रॅम आहे: किलोभर हळद, अर्धा किलो बेदाणे, बाकी खोकं. रात्री साइटवर ‘आयटम बॅग्ड’ (पार्सल बॅगेत भरलं) असा शेरा आला. ती बॅग टपाल खात्याची. एका दिशेची पार्सलं एकत्र भरून तिला सील लावतात. पुढे वाटेत स्कॅन होते ती अख्खी बॅग. आतलं एकेक पार्सल पुन्हा स्कॅन होतं ते बॅग उघडल्यावरच. म्हणून गुरुवारपर्यंत तुम्हाला ‘सांगली’ दिसत राहिलं आणि शुक्रवारी एकदम ‘नागपूर’. शेवटचं स्कॅन जिथं झालं, त्याच गावाचं नाव मोबाइलवर राहतं. पार्सल तोवर कुठल्या कुठे गेलेलं असतं. आणि ‘बॅग्ड’ हा शेरा पोस्टाच्या ताब्यात गेल्याशिवाय पडतच नाही, मग ते आमच्या फळीवर कसं असेल? (सुरुवातीला मीही त्या शब्दाला फसलो होतो. वाटायचं, पिशवीत घालून बाजूला ठेवलंय.)

‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसूनही शुक्रवारी कुणी आलं नाही, असंही तुम्ही म्हणता. त्याचा अर्थ पार्सल वाटपासाठी पोस्टमनकडे दिलं, एवढाच. तुमचं शनिवारी मिळालं.

पैसे परत मागितलेत, ते जमणार नाही. नंबरच्या घोळापायी टपालखर्च मात्र आम्ही सोसतो, आजच पाठवतो. बेदाणे उन्हाळ्यात खोक्यात दाबले गेले की एकमेकांना धरतात. हातानं सुटत असतील तर माल चांगला आहे. आंबूस वास येत असेल तर खाऊ नका, फोटो पाठवा, दुसरा अर्धा किलो लावून देतो.