‘दोरी ओढायला कसली अक्कल लागते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

सप्रेम नमस्कार. ‘बुधवारच्या घंटा’ या माझ्या मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. जेवणाच्या सुट्टीत वाचली, त्यामुळे डबा तसाच घरी परत आला. ‘उत्तर देत बसू नकोस’ असं नवऱ्याने बजावलं होतं. चार दिवस ऐकलं त्याचं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमधल्या आमच्या गावच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. त्या वाजवणाऱ्या पथकात मी २०१८ पासून आहे. लेख त्यावर होता. आपलं म्हणणं असं: दोरी ओढायला कसली अक्कल लागते? चार निवृत्त गोऱ्यांची टोळी दर बुधवारी चर्चमध्ये जमून घंटा बडवते, त्याचं एवढं कौतुक कशाला? ज्यात सूर नाही त्याला कला म्हणायचं का? सहा घंटांचे ५,०४० फेर (फेर म्हणजे सगळ्या घंटा एकेकदा वाजण्याचा एक क्रम) होतात हे गणित चुकलं आहे. पुण्याच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यात अशाच आठ घंटा आहेत, त्यांच्यावर एक ओळही नाही. आणि शेवटी, तुमच्यात तरुण कोण आहे, दहा वर्षांनी हे वाजवणार कोण?

आधी चूक कबूल करते. सहा घंटांचे फेर ७२०, सातांचे ५,०४०. लिहिताना माझी गफलत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. माझी चूक दाखवलेली मला चालत नाही असं कुणी म्हणू नये.

पण ‘बडवते’? ‘टोळी’? टोळी चोरांची असते, नाहीतर टोळांची. मी लेखात ‘पथक’ हा शब्द विचार करून वापरला होता. गणपतीत ढोल वाजवणाऱ्यांना ‘चामडं बडवणारी टोळी’ म्हणून बघा बरं, लक्ष्मी रोडवर उभं राहून. ‘स्पष्टवक्ता सुखी भवेत्’ हे ठीक, पण स्पष्ट बोलणं आणि तुसडं बोलणं यांत फरक असतो, हे आमच्या नाशकात लहान मुलालाही कळतं. आणि ते ‘चर्चमध्ये जमून’! त्यात मला पंचहौद मिशनच्या चहाचा वास आला. १८९० साली तिथे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांपर्यंत भल्याभल्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्कार, आलं होतं. आपण ग्रामण्याच्या बाजूचे दिसता. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या पोर्तुगीज घंटा आपण हौसेने आणल्या आणि भीमाशंकरला, मेणवलीला, आमच्या नारोशंकराला टांगल्या. तेव्हा चर्चची घंटा चालली. माझा आवाज मोठा म्हणून आई मला लहानपणी ‘नारोशंकराची घंटा’च म्हणायची. तेव्हा घंटांबद्दल मला जरा बोलू द्या.

आता अक्कल.

आमच्या घंटा देवळातल्यासारख्या तोंड खाली करून लटकत नाहीत. वाजवायच्या आधी झोके देत देत त्या उलट्या करायच्या, तोंड आभाळाकडे. मग दोर ओढला की घंटा पूर्ण एक गिरकी घेते, वाजते आणि परत तोंड वर करून थांबते. पुढच्या ओढीला उलट दिशेने गिरकी. मी ज्या चार नंबरवर शिकले ती साडेतीनशे किलोची आहे, म्हणजे जवळजवळ दोन बुलेट मोटारसायकली. एवढं वजन कुणी जोर लावून फिरवत नसतं, ते त्याच्या चालीने फिरतं. आपल्या हातात एवढंच: वर जाऊन ती तोलावर आली की तिला किंचित थोपवायचं, नाहीतर किंचित आधी खाली घ्यायचं. त्यामुळे या घंटांवर गाणं वाजवता येत नाही. एका फेरातून दुसऱ्या फेरात जाताना घंटा फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकते. सगळा खेळ त्या एका जागेचा.

करून बघा. पहिला फेर १२३४५६. मग २१४३६५. मग २४१६३५, ४२६१५३, ४६२५१३, ६४५२३१ आणि सहाव्या बदलाला ६५४३२१, सगळं उलटं. आपण तीन नंबर आहात असं समजा आणि आपली जागा बोटाने शोधत जा. सापडली? आता हेच दर दोन सेकंदांना एक फेर या वेगाने, समोर कागद नाही, हातात दोर, डोळे बाकीच्या पाच दोरांवर, कारण आपण कुणाच्या मागून वाजवायचं ते दर फेरात बदलतं. ही तर बिगरी झाली. याच्या पुढे प्लेन बॉब नावाची रचना, त्याच्या पुढे केंब्रिज सरप्राइज. सहा घंटांचे ७२० फेर एकही न चुकता, एकही पुन्हा न येऊ देता वाजवायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. १९६३ मध्ये आमच्या इथून जवळच, लफबरोच्या घंटांच्या कारखान्यातल्या मनोऱ्यात, आठ जणांनी आठ घंटांचे सगळे ४०,३२० फेर वाजवले. सतरा तास अठ्ठावन्न मिनिटं. मधे कुणी दोर दुसऱ्याच्या हातात दिला नाही. बडवत होते बिचारे.

मला शिकवणाऱ्यांनी पहिले पाच आठवडे पूर्ण दोर माझ्या हातात दिलाच नाही. दोराला मध्ये लोकरीचा जाड, पट्ट्यापट्ट्यांचा भाग असतो, त्याला सॅली म्हणतात. एक ओढ सॅलीवर, पुढची दोराच्या शेवटावर. मी शेवट धरायचे, सॅली ते सांभाळायचे. सहाव्या आठवड्यात दोन्ही माझ्याकडे आलं आणि मी आपल्यासारखाच विचार केला, की दोरीच तर ओढायची आहे. ओढली जोरात. घंटा वर गेली ती थांबेना. वर ‘स्टे’ नावाचा लाकडी दांडा असतो, घंटा तोलापलीकडे जाऊ नये म्हणून अडवणारा. तो कडाड् करून तुटला. पाठोपाठ दोर सरसरत वर निघाला. ‘सोड!’ असं ओरडले ते. सोडला नसता तर मीही वर गेले असते. दोर छताला फटके मारत सापासारखा नाचला, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी. पाच माणसं गप्प. आमचे टॉवर कॅप्टन, म्हणजे पथकप्रमुख, वर बघून एवढंच म्हणाले, ‘लाकूडच आहे.’ तो दांडा मोडण्यासाठीच असतो म्हणे, तो मोडला नाही तर वरचं महागडं काहीतरी मोडतं. शनिवारी आम्ही दोघांनी शिडीवरून वर जाऊन नवा बसवला. मोडका तुकडा मी घरी आणला. नवरा त्याने बागेतल्या शेडचं दार अडवून ठेवतो.

माझे वडील चाळीस वर्षं गुरुवारच्या भजनाला पखवाज वाजवत. मी त्यांच्या मांडीला टेकून ताल शिकले आहे, तेव्हा ‘सूर नाही तर कला कुठली’ हे मला सांगू नका. पखवाजाला विचारा. आणि सूर हवाच असेल, तर देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त तेराव्या शतकात काय मांडलं आहे ते बघा. सात स्वरांची उलटापालट करून किती ताना होतात, त्याचा खंडमेरू. ५,०४०. तोच आकडा. आमच्या मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने त्यावर गाणं उभं केलं. इथल्या लोकांनी सतराव्या शतकात दोर हातात घेऊन तोच हिशेब मांडला, आणि पूर्ण ५,०४० फेरांना ते ‘पील’ म्हणतात, तीन तास लागतात त्याला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. माझ्या लेखातला एवढा एक परिच्छेद आपण वाचला असता तर ‘कसली अक्कल’ हे शब्द बोटांतून उतरले नसते. पण आपण पहिल्या फोटोतली पिकली डोकी मोजलीत आणि तिथेच थांबलात, असं मला वाटतं.

हो, पिकली डोकी आहेत. त्यातली एक पोस्टात होती, एक गायींची डॉक्टर होती, दोन डोकी कट्टर नास्तिक आहेत आणि रविवारी वाजवून झालं की प्रार्थना सुरू व्हायच्या आत पळतात. मला कुणी येशूबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही. विचारतात ते, ‘बुधवारी येणार ना?’ सराव संपला की समोरच्या पबमध्ये, कोण कुठे चुकलं याचा पंचनामा. उन्हाळ्यात एक दिवस गाडी करून दुसऱ्या गावांचे मनोरे वाजवायला जायचं, दिवसात पाच-सहा. लग्नाला वाजवलं की पाकीट मिळतं, ते नव्या दोरांच्या डब्यात. नोव्हेंबरात युद्धातल्या मृतांच्या रविवारी लोलकाच्या एका बाजूला चामड्याची टोपी बांधायची, म्हणजे एक फेर खणखणीत आणि पुढचा लांबून आल्यासारखा. त्या टोप्या बांधायला वर मी जाते, कारण बाकीच्यांचे गुडघे. हसा.

२०२१ च्या मे महिन्यात वडील गेले. नाशिकला जाता आलं नाही, दहावं मोबाइलवर पाहिलं. इथे मनोरेही बंदच होते. सप्टेंबरमध्ये कॅप्टननी मला न सांगता दिवस ठरवला, लोलकांना चामडं बांधलं आणि आम्ही क्वार्टर पील वाजवला, १,२६० फेर, पंचेचाळीस मिनिटं. पहिली घंटा माझ्याकडे दिली, कारण तिची वाट सोपी असते आणि डोळ्यांत पाणी असलं तरी निभावते. बेलबोर्ड या संकेतस्थळावर अशा प्रत्येक वादनाची नोंद होते. तिथे तळाशी वडिलांचं नाव आहे, पुढे ‘पखवाजवादक, नाशिक’. स्पेलिंग त्यांनी मला विचारून घेतलं होतं. यांना आपण टोळी म्हणालात. मी रागावू नको तर काय करू?

राहिलेल्या मुद्द्यांचं पटकन उरकते. पंचहौदाचं म्हणाल, तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पवित्र नाम देवालयाच्या त्या आठही घंटा याच लफबरोत ओतल्या गेल्या, हे मला माहीत नाही असं समजू नका. पुण्यात कॉलेजची तीन वर्षं काढली, त्या रस्त्याने सायकलवरून शेकडो वेळा गेले. वर बघितलं नाही. झालं समाधान? आपण तिथलेच दिसता, आपण गेला आहात का कधी वर?

तरुणांबद्दल. एक आहे. अठरा वर्षांची, माझ्याहून दसपट बरी वाजवते. सप्टेंबरात ती विद्यापीठात गेली, पण सुट्टीत येते. पहिल्या महायुद्धात किमान १,४०० वादक मेले, त्या युद्धाच्या अखेरीच्या शताब्दीला, म्हणजे २०१८ पर्यंत, त्यांच्या जागी तेवढेच नवे तयार करायचे असं ठरलं आणि मागितले त्याहून खूप जास्त आले. त्यांतलीच मी. तेव्हा ‘कोण वाजवणार’ ही काळजी आपण करू नये. दुसऱ्या महायुद्धात १९४० पासून चर्चच्या घंटांवर बंदीच होती, शत्रू उतरला तरच वाजवायच्या. त्यातूनही हे लोक निभावले.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खऱ्या नावाने लिहा, एवढीच विनंती. उत्तर जरा कमी लांब देईन.

थांबते, बुधवार आहे आणि साडेसातला पोचायचं आहे. बाहेर पाऊस कोसळतोय. गायींच्या डॉक्टरांचा निरोप आलाय की गुडघा धरलाय, आणि पोस्टवाले मुलीकडे गेलेत. म्हणजे आज चौघंच. चार घंटांचे फेर चोवीस होतात, हे गणित मी या वेळी दोनदा तपासलं आहे.