मालक घरात राहतो का, एवढं विचारा

कोल्हापुरात सध्या ज्याच्याकडे एखादी रिकामी खोली आहे त्याला येईल-जाईल तो एकच सल्ला देतो, "होमस्टे काढ की!" सल्ला चुकीचा नाही. शनिवार-रविवारी महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. जुलै 2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले पक्षकार आणि वकील मंगळवार-बुधवारीही मुक्कामाला यायला लागले. नवरात्र, किरणोत्सव, जोतिबाची चैत्र यात्रा हे तर पूर्वीपासूनचंच. हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपतीहून थेट अंबाबाईला येणारी आंध्र-तेलंगणची कुटुंबं वर्षभर असतात. त्यांना सकाळी इडली लागते आणि आपली मिसळ बघून घाम फुटतो, तो भाग निराळा.

पण सल्ला देणारा पुढचं सांगत नाही. परवाना कसला, कुणाचा, आणि तो घेतल्यावर आपलं घर सरकारच्या लेखी घर राहतं का दुकान होतं?

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर दोन खोल्या आहेत. दीर-जाऊबाईंनी पाचगावला घर बांधलं, माडी मोकळी झाली. त्या खोल्या आम्ही रीतसर नोंदणी करून पाहुण्यांना देतो. खाली मी, आमचे हे आणि सासूबाई राहतो. ओळखीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून लिहायला बसले, पण माझं एक ठाम मतही झालंय, ते मुख्यतः सांगायचंय.

आधी एक गैरसमज काढते. "हॉलिडे होमचं लायसन" असा एकच शिक्का मारलेला कागद आपल्याकडे मिळत नाही. पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेत नोंदणी होते, त्याचं विभागीय कार्यालय पुण्यात. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची वेगळी योजना आहे, त्यात एक ते सहा खोल्या चालतात आणि सिल्व्हर-गोल्ड असा दर्जा मिळतो. शेतात खोल्या बांधणाऱ्यांसाठी राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, राधानगरी-गगनबावड्याकडच्यांनी ते बघावं. न्याहारी देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत ऑनलाइन फॉर्म भरून कळवायचं. जीएसटीला लोक उगाच घाबरतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा आपल्याला नोंदणी लागत नाही, आणि अ‍ॅपवरनं बुकिंग झालं तर कर त्या अ‍ॅपवाल्यानंच भरायचा असतो.

हे सगळं वाचायला जड वाटतं, करायला तेवढं नाही. खरी कसोटी असते मालकीच्या कागदाची.

जुन्या पेठांतल्या घरांची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढून बघा. आमच्या पत्रिकेवर सासऱ्यांच्या वडिलांचं नाव होतं. ते जाऊन किती दिवाळ्या झाल्या. घर बापजाद्यांचं, घरफाळा (घरपट्टी) आम्ही भरतोय, लाईट बिल ह्यांच्या नावावर, पण सिटी सर्व्हेच्या कागदावर ती माणसं अजून जिवंत. म्हणजे आधी वारसनोंद. वारसनोंद म्हटलं की सगळ्या आत्या, चुलते, चुलत्यांची मुलं, आणि ज्यांना आपण फक्त लग्नात भेटतो असे सगळे. मग त्या सगळ्यांचं संमतीपत्र. पूर्वी 100 च्या स्टॅम्पवर भागायचं, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो.

पैशाचं काही नाही हो. पण "माडीवर पाहुणे ठेवायचेत, सही करा" असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत एकदम हिशेब दिसतो. "महिन्याला किती सुटतील?" हा पहिला प्रश्न. "उद्या वाटणी झाली तर ह्या सहीचा काय अर्थ निघंल?" हा दुसरा, तो तोंडानं विचारत नाहीत. इचलकरंजीच्या आत्यांनी कागद दोनदा वाचून घेतला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "सही करत्ये बाई. पण नवरात्रात मी आल्यावर मला खोली न्हाई असं सांगू नकोस." मी म्हटलं, आत्या, तुमची खोली खालची, आमच्या शेजारची. मग सही झाली. खोल्या द्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी रंगरंगोटी आणि एसी नंतर करा, आधी मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. निम्मे लोक तिथंच थांबतात आणि मग विनानोंदणी खोल्या देत राहतात.

आता मूळ मुद्द्यावर येते.

एका कार्यालयात टेबलापलीकडच्या साहेबांनी मला विचारलं, "लॉज आहे का?" मी म्हटलं, घर आहे. "मग परवाना कशाला?" पाहुणे पैसे देऊन राहणार आहेत. "मग लॉजच की." ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्यासमोरच्या तक्त्यात दोनच रकाने होते, निवासी आणि वाणिज्य. आम्ही मधे कुठंतरी लोंबकळत होतो.

माझं म्हणणं असं की सरकारनं, महापालिकेनं, पोलिसांनी पहिला प्रश्न एकच विचारावा. मालक त्या घरात राहतो का? बाकी सगळं ह्या उत्तरावर ठरावं. राहत असेल तर एका पानाचा अर्ज, निवासी दरानं घरफाळा, फारसे हेलपाटे नाहीत. राहत नसेल तर तो सरळ धंदा आहे. त्याला धंद्याचा दर, धंद्याची तपासणी, आणि अपार्टमेंट असेल तर बाकीच्या फ्लॅटधारकांची लेखी संमती. हे काही माझ्या डोक्यातनं निघालेलं नाही. केंद्राच्या होमस्टे योजनेत मालक कुटुंबासह तिथंच राहत असला पाहिजे ही अट मुळातच आहे. पण ती त्या योजनेपुरती. नोंदणीच न करणाऱ्याला कसली अट?

राजारामपुरीत माझी मैत्रीण राहते. तिच्या वरचा फ्लॅट मुंबईच्या कुणीतरी घेतला आणि रोजच्या भाड्यावर लावला. दाराबाहेर आकडे फिरवायचं कुलूप, त्यातच किल्ली. मालकाचं तोंड कुणी बघितलेलं नाही. रात्री दोनला टेम्पो ट्रॅव्हलरमधनं सतरा-अठरा माणसं उतरतात, मजला चुकून हिची बेल वाजवतात. "काकू, वायफायचा पासवर्ड काय?" हिच्या पार्किंगमध्ये गाडी, टाकीतलं पाणी सकाळी सातलाच संपलेलं. काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं तरी नळाची वेळ ठरलेलीच आहे आणि टाकी सगळ्यांची एकच. अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मालकाचा माणूस आला आणि म्हणाला, "आमचा फ्लॅट, आम्ही कुणालाबी देऊ." त्या फ्लॅटची ना कुठं नोंद, ना पाहुण्यांचं रजिस्टर.

आणि मी मात्र जेवणाच्या टेबलावर लांबोडकं रजिस्टर ठेवून नाव, गाव, मोबाईल, गाडी नंबर लिहून घेते, ओळखपत्राची प्रत लावते. सासूबाई शेजारी बसून प्रत्येकाला "पाव्हणं कुठलं?" विचारतात, ते रजिस्टरपेक्षा भारी चालतं. गुंटूरच्या एका आजींशी त्यांनी तासभर गप्पा मारल्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना.

घरात माणूस असण्याचा फायदा नुसता गोडव्याचा नाही. गॅस गिझरचं घ्या. आपल्याकडे निम्म्या बाथरूममध्ये आहे. बारीक खिडकी, थंडीत तीही बंद, आणि आत गिझर पेटलेला. हवा पुरेशी नसली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, माणूस आतल्या आत चक्कर येऊन पडतो. घरच्याला कळतं की आंघोळीला जाताना खिडकी उघडायची, बादली भरून गिझर बंद करायचा. परगावचा माणूस दार लावून अर्धा तास गरम पाणी घेत बसतो. आम्ही माडीवरचा गॅस गिझर काढूनच टाकला, सोलर आणि विजेचा बसवला. पण मी जे जे अर्ज भरले त्यातल्या एकातही गिझर कोणता हे विचारलेलं नव्हतं. पडद्यांचे आणि चादरींचे फोटो मात्र मागितले होते!

पुराचंही तेच. शाहूपुरी, दुधाळी, गंगावेशीकडच्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा तोंडपाठ असतो. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. आकडा चढायला लागला की आम्ही पाहुण्याला सांगतो, आजच निघा, नाहीतर हायवे बंद झाला की अडकाल. 2019 च्या पुरात अडकलेल्यांचे हाल शहरानं बघितलेत. किल्लीच्या डबीवरचं कुलूप हे सांगणार आहे का?

लॉजवाल्यांची तक्रार मला माहीत आहे. आम्ही व्यापारी दरानं घरफाळा भरायचा, फायरची व्यवस्था करायची, माणसं ठेवायची, आणि हे घरात बसून आमचं गिऱ्हाईक पळवणार. दिवसाच्या भाड्याचे फ्लॅट बघितले तर त्यांचं शंभर टक्के खरं आहे. माझ्यासारख्या दोन खोल्यांवाल्यांबद्दल म्हणत असतील तर नवरात्रात त्यांच्याकडचे "फुल्ल" झालेले लोकच आमच्याकडे येतात, आणि पुढच्या वेळी लॉजच बरा म्हणणारेही त्यात असतात. सासूबाईंच्या प्रश्नांना सगळेच पुरे पडत नाहीत.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी आमच्या गावची पोरं म्हणतात, गावाकडचा वाडा बंद पडलाय, आईवडील गेले, निदान भाड्यावर तरी जगू द्या, आम्हाला तुम्ही मुंबईच्या गुंतवणूकदाराच्या रांगेत का उभं करता? ह्यावर मी पुष्कळ विचार केला. बंद वाडा पडण्यापेक्षा पाहुण्यांनी भरलेला कधीही चांगला. पण रात्री दोनला शॉर्टसर्किट झालं तर धावणारा माणूस गल्लीत पाहिजेच. त्यांनी शेजारचा, भावकीतला एक जबाबदार माणूस नेमावा, त्याचं नाव आणि नंबर दारावर आणि पोलीस ठाण्यात असावा. दर थोडा जास्त भरावा लागला तर भरावा. परवाना नकोच, असं तरी नको.

जगात हे वाद होऊन गेलेत. गोव्याला तर आपण उठसूट जातो, तिथं पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982 चा आहे. बार्सिलोनानं पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या 10 हजारांवर फ्लॅटचे परवाने 2028 पर्यंत बंद करायचं ठरवलंय, कारण गावातल्याच लोकांना भाड्यानं घर परवडेना. कोल्हापूर अजून तिथं पोचलेलं नाही. पण अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत भाड्याचं घर शोधणाऱ्या शिक्षकाला किंवा नर्सला विचारा, घरमालक काय उत्तर देतो ते. महिन्याचं भाडं त्याला चार शनिवार-रविवारात मिळत असेल तर तो भाडेकरू कशाला ठेवेल?

बायकांसाठी एक कामाची गोष्ट. राज्याच्या 2023 च्या "आई" पर्यटन धोरणात महिलांना पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे, आणि 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेला मुद्रा कर्ज द्यायचं जाहीर झालं. बँकेत गेलात की आधी कागद मागतात. म्हणून तरी नोंदणी करा. आणि मिळकत तुमच्या नावावर नसेल तर नवऱ्याकडून, सासूकडून लेखी संमती घ्या, तोंडी चालत नाही.

संमतीपत्राचा नमुना पाहिजे असेल त्यांनी मेसेज करा, नावं काढून पाठवते. फक्त कॉमेंटमध्ये "रेट काय?" विचारू नका. ही जाहिरात नाही, आणि नवरात्रातल्या दोन्ही खोल्या गेल्यात. एक आत्यांना द्यावी लागली, खालची खोली त्यांना गरम होते म्हणे.